दारावरचे फोटो

प्रिय राद्काताई,

निवृत्त झाल्यावर मी चांगला कॅमेरा घेतला, तेव्हा तू हसलीस. मग मी गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे फोटो काढू लागले. आपल्याकडे माणूस गेलं की त्याच्या फोटोचा कागद दारावर लावतात. आधी दोब्री गेला, मग पेन्का. दोघांच्याही दारावर मी काढलेलेच फोटो. "इतका छान दुसरा नव्हताच गं," पेन्काची सून म्हणाली. आता पाववालीसुद्धा म्हणते, "आधी कॅमेरा घरी ठेवून ये, मग पाव देते."

मी हसण्यावारी नेलं. पण आज रोल धुऊन आला. शेवटचा फोटो माझा आहे, ईस्टरला तू कॅमेरा हिसकावून काढलेला. माझा इतका छान फोटो आजवर कुणी काढला नव्हता.

हे पत्र मी टाकणार नाही. तू हसून म्हणशील, फोटो जपून ठेव, दारावर लावायला होईल.

तुझी,
वेल्का