शिरीषाचा अख्खा फोटो

बुधवार, ११ मार्च, संध्याकाळ

डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळच्या शिरीषावर आज नोटीस चिकटवलेली दिसली. वाळलेलं, धोकादायक झाड तोडायचंय म्हणे. सेक्रेटरींनी अर्ज दाखवला. खाली सही सुनंदाताईची! तीन वर्षं रोज सकाळी माझ्यासोबत फिरायला येणारी सुनंदाताई. आणि अर्जाला जोडलेला फोटो माझा. पानगळीचा म्हणून गेल्या आठवड्यात हौसेने काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला, नुसत्या वाळक्या शेंगा दिसणारा.

तडक तिच्याकडे गेले. तर म्हणते, "अगं, आमच्या अभीची नवी गाडी लावायची कुठे? आणि ग्रुपवर तूच लिहिलं होतंस ना, एक पान उरलं नाही म्हणून?"

लिहिलं होतं. पण म्हणून झाड मेलं? दर वर्षी शिरीष असाच होतो, हे हिला ठाऊक नाही?

घरी आल्यावर आठवलं. त्या फोटोत ती स्वतःही होती, खालच्या फांदीपाशी. "मला काढून टाक गं, अगदी ध्यान दिसतेय," म्हणाली, म्हणून मी तेवढी बाजू क्रॉप केली. मीच केली.

आत्ता मूळ फोटो उघडून मोठा करून पाहिला. खालच्या फांदीला पोपटी पालवी फुटलीय, बोटभर. आणि सुनंदाताई हसत हसत मला तीच दाखवतेय.

उद्या हरकत नोंदवताना हा अख्खा फोटो जोडणार. ध्यान दिसली तर दिसू दे.