आंबट दुधातला दुसरा गट

विनिपेग, १२ सप्टेंबर १९७४

ति. आईली आत्यास, रैयाचा सा. न.

रसायनाच्या चाचणीत माझी दांडी गुल झाली. आंबट दुधातल्या आम्लाचं नाव लिहायचं होतं. तीन कार्बनची साखळी, टोकाला आम्लाचा गट, मधल्या कार्बनवर ओएचचा गट. मी ओएचला मुख्य मानलं. पुढच्या प्रश्नात तर क्लोरीनलाच मान दिला. तू शाळेत शिकवायचीस तेव्हा मी खिडकीबाहेर बघायचे, त्याची ही फळं!

बाबांनी लिहिलंय, की ते आणि डोरीन लग्न करून आले आणि तू सडबरीला खोली बघायला लागलीस. खरं का गं? आई गेल्यापासून ते घर तूच चालवलंस.

लोभ कमी करू नकोस, गुण कमी झाले तेवढे पुरे.

तुझी रैया

थंडर बे, २० सप्टेंबर

चि. रैयास, अनेक आशीर्वाद.

खिडकीबाहेर काय होतं, तो टोपीवाला मुलगा मला माहीत आहे. आता ऐक. ओएच एकटा असला तर नावाचा शेवट त्याचा. आम्लाचा गट आला की शेवट आम्लाचा, मोजणीही त्याच्याच टोकापासून. ओएच नावाच्या सुरुवातीला जातो, हायड्रॉक्सी म्हणून. पण त्याचा गुण जात नाही, तो आपलं काम करतोच. क्लोरीनला मात्र नावाचा शेवट कधीच मिळत नाही. तो कायमचा जोडलेला.

सडबरीचं खरं आहे. शनिवारच्या वाफेच्या न्हाणीसाठी डोरीननं सौना पेटवला आणि धुराडं उघडायला विसरली. तुझे बाबा खोकत बाहेर आले, वर हसत होते! इतकी वर्षं सौना मी पेटवला. मी काही बोलले नाही. घर आता तिचं, मी आपली क्लोरीन. ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी सामान हलवते.

अभ्यास कर. माया आहेच.

आत्या

विनिपेग, १ ऑक्टोबर

ति. आत्यास, सा. न.

फेरचाचणीत पास! तेच आंबट दूध आलं. दोन-हायड्रॉक्सीप्रोपॅनॉइक आम्ल, एकदम बरोबर.

आता तुझा पेपर तपासते. स्वतःला क्लोरीन म्हणालीस, शून्य गुण. डोरीन आम्ल, मान्य (हे तिला दाखवू नकोस). पण तू ओएच आहेस. घर तिच्या नावावर गेलं म्हणून तुझा गुण कुठे जातो? तिचा फोन आला होता, रडत होती. म्हणाली, धुराड्याचं विचारू कुणाला, आईली तर तोंडच उघडत नाहीत. आत्या, तू गेलीस तर मी सुट्टीत कुणाच्या घरी येऊ? मला खरंच भीती वाटते.

उत्तर लवकर पाठव, रागावून का होईना.

रैया

थंडर बे, ८ ऑक्टोबर

चि. रैयास, आशीर्वाद.

मास्तरीणबाई, तपासणी कडक आहे हो तुमची. सडबरीला नकार कळवला.

शनिवारी सौना डोरीननंच पेटवला, धुराडं मी उघडलं. दोघी एका बाकावर बसलो. दगडांवर फार पाणी ओततेस, असं मी तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, हे आधीच का नाही बोललात?

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला रविवारी ये. टर्की तिची, वेलदोड्याचा पाव माझा. येताना भूक आण, बाकी सगळं घरात आहे.

तुझी,
हायड्रॉक्सी आईली