बिशपला द्यायच्या राहिलेल्या शिव्या

दाढीवाल्या बोकडा,

तुला बिशपसाहेब म्हणायला बाकीचे आहेत. तू परमुलखातून आमच्या टाबोराला आलास तेव्हा आमच्या म्हाताऱ्यांनी मला तुझा थट्टेचा सोयरा नेमलं, म्हणजे जन्मभर नि मयतालाही हक्काने टिंगल करणारा, कारण मेल्यावर शिव्या घालणारं कुणी नसेल तर माणूस परकाच राहतो. तेवीस वर्षं मी तुला भर चर्चच्या दारात बोकड म्हणालो आणि तू मला कोंबडीचोर.

काल तुला पुरताना मी रीतीप्रमाणे खड्ड्यात उतरून आडवा झालो नि ओरडलो, "ही जागा माझी! ऊठ रे आळशा, मेल्याचं सोंग पुरे!" रडणाऱ्या बायाही हसल्या. तेवढ्यात तुझ्या त्या नव्या पाद्र्याने मला दंड धरून बाहेर ओढलं. "पिऊन आलायस का? लाज नाही वाटत?" मग तुला गपचूप पुरलं, एखाद्या वाटसरूला पुरावं तसं.

म्हणून उरलेल्या शिव्या इथे लिहितोय. बेसुऱ्या! रताळनाक्या! माझ्या आईच्या आजारपणात तीन दिवस चिखल तुडवत आलेल्या मूर्खा!

आता तुझी पाळी. बोल की काहीतरी.

तुझा कोंबडीचोर,
कपाया