तक्त्यावरचा कागद

सोलापूर, मंगळवार, १० मार्च १९३१

मिशन शाळेसाठी मी इराणच्या राजांचा तक्ता रंगवला. पाद्रीसाहेबांनी त्यात बाबेल जिंकणाऱ्या कोरेशच्या नावावर कागद चिकटवून दारयावेश या दुसऱ्याच राजाचं नाव लिहिलं. बायबलातल्या दानिएलच्या पुस्तकात तसं आहे म्हणे. मी म्हटलं, बाबेलात उकरून काढलेल्या मातीच्या लेखात कोरेशच आहे. तर म्हणतात, "मास्तर, विश्वास मातीवर ठेवता की शास्त्रावर?" तीन पिढ्या आम्ही ख्रिस्ती, आणि हा मला विश्वास शिकवणार? कागद चिकटवायला खळसुद्धा माझीच.

ही म्हणते, "मेलेल्या राजांपायी नोकरी घालवताय की." जाईलही. पण तो कागद डोळ्यांपुढून हलत नाही. पोरांना खोटं शिकवणार नाही. उद्या तक्ता काढून घरी आणतो. कापड हिच्या जुन्या लुगड्याचं, रंग माझे. भिंत तेवढी मिशनची.