हत्तींची चादर

जोगेश्वरी (पूर्व)
१० नोव्हेंबर २०२४

ती. रतनआत्यास तेजलचा सविनय जयभीम.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर शीतलवहिनीला सांग, उगाच अंगावर काढू नकोस. कानाचं मशीन कपाटात ठेवून फोनवर ऐकू येत नाही म्हणणारी बाई अख्ख्या मुलुंडमध्ये तू एकटीच असशील. पण माझी तक्रार नाही. विहारातल्या बायकांच्या वर्गात तू पन्नाशीत अक्षरं गिरवत होतीस आणि मी दुसरीतली पोर तुझं शुद्धलेखन तपासत होते, तेव्हापासून आपलं पत्रांचं चाललंय, ते चालू दे.

दोन वर्षं खोलीत कोंडून घेऊन काय करतेस म्हणून विचारलंस. तर ऐक. काचेवर ऑइल रंगाने चित्र काढायचं, वरून फोटो घ्यायचा. मग बोटाने थोडं पुसायचं, चित्रातला हात जरासा वर सरकवायचा, परत फोटो. असे बारा फोटो झाले की एक सेकंद होतो. माझी फिल्म सात मिनिटांची आहे. पाच हजारांवर चित्रं काढली आणि आज हातात एकही नाही, कारण प्रत्येक पुसूनच पुढचं काढलं. तू म्हणशील, यापेक्षा भांडी घासलेली बरी, निदान ती दिसतात तरी.

गोष्ट एका म्हाताऱ्या बाईची आहे. लगेच भुवया चढवू नकोस, ती तू नाहीस. ती उंच आहे, नाक लांब आहे, चष्मा नाही. गेल्या पावसाळ्यात माझी खोली गळत होती म्हणून तीन महिने तुमच्याकडे राहिले, त्याचा थोडा उपयोग झाला, एवढंच. २४ तारखेला रविवारी अंधेरीला दाखवणार आहेत. आकाशदादा, वहिनी, प्रांजल, सगळ्यांनी या. तुझ्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची धरून ठेवते.

लोभ आहेच, तो रविवारपर्यंत तरी कमी करू नकोस.

तुझी,
तेजल

मुलुंड
१५ नोव्हेंबर २०२४

चि. तेजलला आत्याचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचलं. म्हातारपण बघायला अंधेरीपर्यंत कशाला जायचं गं, इथे घरात फुकट आहे. पण येईन. निळ्या काठाची पांढरी साडी इस्त्रीला दिली आहे. शेजारची द्रौपदी पण येते म्हणाली, तिला मी सांगून ठेवलंय की माझ्या भाचीने एक एक चित्र हाताने काढलंय, मशीनवर नाही. ती म्हणाली की मग एवढा वेळ लागणारच. तिला काय कळलं देव जाणे.

इकडे सगळे ठीक. प्रांजल अकरावीत गेल्यापासून आरशासमोरून हलत नाही. आकाशची कामाची पाळी बदलली. आणि शीतलचं काय सांगू? आज परत सकाळची गोळी द्यायला आली आणि अख्खा पेला माझ्या अंथरुणावर ओतला. आठवड्यातली दुसरी वेळ. लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढते, तिथे म्हणे हिचा हात एवढा हलका की लहान पोरंसुद्धा रडत नाहीत. माझ्याकडे आली की पेला धरता येत नाही. मी चांगलं झापलं. हातात हाडं आहेत का नाहीत म्हणून विचारलं. ती आपली गप्प चादर ओढते आणि मशीनला लावते. पोरगी गुणाची, पण धांदरट ती धांदरटच.

तू वेळेवर जेवत जा. रंगाचे हात तसेच ताटाला लावू नकोस. माया आहे म्हणून ओरडते, राग मानू नकोस.

तुझी आत्या,
रतन

जोगेश्वरी (पूर्व)
२६ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास तेजलचा जयभीम.

वि. वि. दोन दिवस पेन हातात धरतेय आणि ठेवतेय. परवा घरी आले होते, दादाने दारातूनच सांगितलं की तुला कुणाशी बोलायचं नाही. बरोबर आहे तुझं.

म्हातारीचा चेहरा बदलला, उंची बदलली, घर बदललं. चादर बदलायची राहिली. राहिली असं तरी कसं म्हणू? प्रांजलच्या लहानपणीची ती निळ्या हत्तींची चादर मला रंगवायला फार आवडली होती. तो निळा दोन वर्षांत मला तेवढा एकदाच जमला. वाटलं, हत्तींवरून कोण ओळखणार? आणि पडदाभर हत्ती आल्याबरोबर प्रांजल मोठ्याने म्हणाली की ही तर माझी चादर. द्रौपदीमावशीने तुझ्याकडे बघितलं. मी मागे उभी होते, मला सगळं दिसलं.

पहाटे कुणी उठायच्या आत तू रात्री ओली झालेली चादर बादलीत घालून मोरीत न्यायचीस. आवाज होऊ नये म्हणून नळ करंगळीएवढा सोडायचीस. कुणाला ठाऊक नव्हतं, मला होतं. बाहेरच्या खोलीत मी जागी असायचे. आत्या, लाज वाटते ती ही की मी एकदाही उठून बादली धरली नाही. मी वही काढली. तुझी पाठ कशी वाकते, पिळताना मनगट कसं थरथरतं, ते अंधारात रेघोट्या मारून टिपून घेतलं. आई गेल्यावर तू मला न्हाऊ घातलंस, आणि मी तुझं हे केलं.

मी फिल्ममध्ये त्यानंतर सुनेचा पेला सांडतो तो प्रसंग घातला होता, जरा हलकं वाटावं म्हणून. लोक हसले आणि त्याच वेळी तू उठलीस. तुझ्या दुखण्यावर लोक हसताहेत असं तुला वाटलं असणार. वहिनी तुला धरून बाहेर घेऊन गेली. नंतर टाळ्या पडल्या. मी पुढे गेले नाही.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. लोभ मागायचा हक्क राहिलेला नाही, तरी मागते.

तुझी,
तेजल

मुलुंड
३ डिसेंबर २०२४

तेजलला शीतलचा जयभीम.

फोन केला असता तर तोंडातून शिव्या गेल्या असत्या, म्हणून लिहितेय. तुमच्या दोघींसारखं मला लिहिता येत नाही, सांभाळून घे.

आईंनी त्या रविवारपासून माझ्याशी बोलणं टाकलंय. माझ्याकडे बघत पण नाहीत. ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसतात. आकाशने तर कमालच केली, मोठ्यांचे डायपर आणले आणि पिशवीतून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवले, प्रांजलसमोर. मन चांगलं आहे त्याचं, पण अक्कल? आई ताटावरून उठल्या. म्हणजे तुझ्या एका फिल्मने घरात आता सगळ्यांना सगळं माहीत झालं आणि घराची वाट लागली.

तुला वाटतं तुला एकटीलाच ठाऊक होतं? मला वर्षभर ठाऊक आहे. मी लॅबमध्ये काम करते बाई, मला वास कळतो. पण त्यांनी सांगितलं नाही म्हणून मी विचारलं नाही. त्यांना जमायचं त्या दिवशी त्या पहाटे धुवायच्या, मी झोपेचं सोंग घ्यायचे. गुडघे धरल्यामुळे उठता यायचं नाही त्या दिवशी मी गोळी घेऊन जायचे आणि पेला सांडायचे. मुद्दाम. आता डोक्यात प्रकाश पडला का?

हे मी त्यांच्याकडूनच शिकले. त्या प्रसूतिगृहात आया होत्या ना तीस वर्षं. एखाद्या बाळंतिणीचं अंथरूण खराब झालं आणि सासरची माणसं भेटायला आली, की ह्या तिच्या पलंगावर तांब्या कलंडवायच्या आणि वर सिस्टरची बोलणी खायच्या. लग्न झाल्यावर त्यांनी मला हे सांगितलं, सांगता सांगता हसत होत्या. आता विसरल्या असतील.

आणि तू मला काय केलंस? विनोदी बाई. धांदरट सून आली, पेला सांडला, सासू ओरडली, हॉलभर लोक हसले. तीन महिने तू आमच्या घरात होतीस, तेव्हाही पेला सांडला की हसायचीस. मी म्हटलं हसू दे, काम होतंय ना. चादरीचं तर बोलूच नको. लोकांना वाटलं असेल सुनेने म्हातारीला पोरीची जुनी फाटकी चादर दिली. कपाटात तीन कोऱ्या आहेत. त्यांना तीच लागते, लवकर वाळते म्हणून.

सध्या येऊ नकोस. आणि पेल्याचं त्यांना कळवू नकोस. निदान तेवढं तरी झाकलेलं राहू दे. राग उतरला की आपलं आधीसारखं होईल, पण अजून उतरला नाही.

शीतल

जोगेश्वरी (पूर्व)
८ डिसेंबर २०२४

शीतलवहिनीस तेजलचा जयभीम.

वहिनी, तुझं पत्र वाचलं. बघणं हाच माझा धंदा. तीन महिने माझ्या नाकासमोर तू पेला सांडत होतीस आणि मी त्यात विनोद बघितला. तुझा हात काढायला मला नऊ दिवस लागले होते. नऊ दिवस एकाच हाताकडे बघून मला काही कळलं नाही. आत्यासमोर जेवढी लाज वाटली त्याहून जास्त तुझ्यासमोर वाटतेय.

अंधेरीला ज्यांनी फिल्म दाखवली ते लोक ती नव्या वर्षात इंटरनेटवर टाकणार होते. नको म्हणून कळवलंय. आत्याला पेल्याचं माझ्याकडून कधीच कळणार नाही. तिला घरात परत मान वर करून बसता यावं, एवढंच हवंय मला. त्यासाठी फिल्म गेली तर जाऊ दे.

प्रांजलला रागावू नकोस, तिची काही चूक नाही. तुझा राग मला मान्य आहे, उतरेल तेव्हा उतरू दे.

तेजल

मुलुंड
२० डिसेंबर २०२४

चि. तेजलला आत्याचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र उशीखाली होतं. उत्तर द्यायला उशीर झाला. फिल्म बंद केलीस असं आकाशकडून कळलं. कुणी सांगितलं होतं तुला? तुम्ही सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलंत की म्हातारी चादरीची लाज धरून बसली आहे.

चादरीची लाज वाटली, खोटं कशाला बोलू? हत्ती दिसले आणि तोंडाला पदर लावावासा वाटला. तू जागी राहून वहीत काढत बसलीस याचा रागही आला, तो अजून थोडा आहे. बादली धरायला हवी होतीस. पण तेवढ्यावरून मी उठले नसते. मी उठले ते पेल्यापाशी.

तुला कळलं नसेल तू काय काढलंयस ते. हातातून निसटलेला पेला वेगळा पडतो आणि कलंडवलेला वेगळा. निसटला की बोटं उघडतात. तुझ्या त्या चित्रातल्या सुनेची बोटं शेवटपर्यंत पेल्याला धरून आहेत. आधी ती अंथरुणाकडे बघते, मग ओली जागा शोधून तिथे बरोबर ओतते. तीस वर्षं मी हेच केलं गं. माझीच युक्ती, आणि घरात माझ्यावर चालली तर मला ओळखू आली नाही. शेजारी शीतल बसली होती. वर्षभर मी तिला धांदरट म्हणत आले. द्रौपदीसमोर म्हणाले, तिच्या आईसमोर म्हणाले, तिने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. हॉलमधले लोक तिला हसायला लागले तेव्हा त्यांना हसायला मीच शिकवलंय असं वाटलं. मला तिच्या शेजारी बसवेना.

म्हणून बोलत नव्हते. माफी मागावी तर तिला कळणार की मला कळलंय, मग पेल्याचं सोंग संपलं. न मागावी तर तिच्याकडे बघवत नव्हतं. असे तीन आठवडे काढले. या वयात इतकी लाज शिल्लक असेल असं वाटलं नव्हतं.

तर आता माझं ऐक. फिल्म लोकांना बघू दे. म्हातारी मी आहे असं कुणी म्हणालं तर हो म्हण. हत्ती तसेच राहू देत. सुनेच्या हाताला अजिबात धक्का लावू नकोस. फक्त ती म्हातारी तोंड वर करून ओरडते, तेवढं पुस आणि परत काढ. तिला गप्प बसलेली दाखव. ती त्या हाताकडे बघते असं दाखव. किती चित्रं लागतील ती लागोत, तुला सवय आहे.

काल सकाळी गुडघे धरले होते, उठता आलं नाही. शीतल गोळी घेऊन आली. आता सगळं उघडं पडलंय म्हणून बिचारीने पेला अगदी सरळ स्टुलावर ठेवला, अंथरुणाकडे बघितलं नाही आणि जायला वळली. मी तिला हाक मारली. ती वळून बघेपर्यंत पेला उचलला आणि अंथरुणावर कलंडवला, अगदी बरोबर जागी. ती आत आली, माझ्या अंगाखालची चादर ओढली आणि म्हणाली की आई फार धांदरट झाल्यात, साधा पेला धरता येत नाही. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

रविवारी ये. लवकर ये, माणसं उठायच्या आत. बादली जड झाली आहे.

तुझी आत्या,
रतन