बोलल्याप्रमाणे प्रेसचे बघणे

आबा, तुमची मेल मी कोर्टात वाचून दाखवली. एका ओळीची होती, ‘बोलल्याप्रमाणे प्रेसचे बघणे.’ खाली तुमचं नाव, मेंटेनन्स, चाकण प्लांट. पाठवलेली प्लांट मॅनेजरला. वाचायला श्वासही पुरता लागला नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी कंपनीत नव्हते. आता पिंपरीच्या ऑफिसात बसते. कंपनीची प्रत्येक मेल ठरलेल्या मुदतीपर्यंत जपायची आणि मुदत संपली की रीतसर मंजुरी घेऊन नष्ट करायची, हे माझं काम. लोकांना हे कंप्युटरचं खातं वाटतं. मी प्लांटोप्लांटी जाऊन भाषणं करते, की अरे, हा कायदा आहे आणि कायद्याहून जास्त न्यायाचा प्रश्न आहे. मालकाकडे दप्तर असतं, कामगाराकडे नुसती आठवण. दप्तरातलं पान सोयीने गायब झालं की कामगार उघडा पडतो. शेवटी आवाज चढवून म्हणते, “लिहिलेलं नाही, ते घडलेलं नाही!” आणि थांबते. तिथे टाळ्या ठरलेल्या.

यंदा नष्ट करायच्या यादीत तुमचा मेलबॉक्स आला. त्याच सुमारास, बोटं गेलेल्या त्या प्रेस ऑपरेटरचा दावा सुनावणीला लागला. ठेकेदाराकडचा माणूस, परभणीकडचा. पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये हात जाऊ नये म्हणून पुढे जाळी असते, ती काम भरभर उरकायला त्याने स्वतःच काढली, असं कंपनीचं म्हणणं. तसं ठरलं तर त्याच्या भरपाईला कात्री. चाकणहून फोन आला, “मॅडम, मुदत संपलीय ना? मग उडवा की. कशाला जुनी मढी उकरायची?” मी म्हटलं, दावा उभा असताना त्या विषयातली एकही मेल पुसता येत नाही, मुदत संपली असली तरी. तुमचा मेलबॉक्स नष्ट करणं रोखून धरलं. दुसऱ्या कुणाचा असता तरी रोखलंच असतं. हे सगळ्यांना ठणकावून सांगितलं, आणि सांगताना आत काहीही हललं नाही.

मग शोधायला बसले. ग्रीस संपलं, पट्टा बदलायचा, कॅन्टीनचा गॅस गळतोय. सगळ्या मेल ‘बोलल्याप्रमाणे’ने सुरू होणाऱ्या. तुमचं खरं काम तोंडी. मशीनपाशी उभं राहून, नाहीतर फोनवर. मेल म्हणजे नुसती पोच. प्रेसबद्दल ही एकच ओळ निघाली, आणि बोलणं काय झालं ते त्यात नव्हतं.

ते माझ्याकडे होतं. पिंपळे गुरवच्या घरातला ओटा. तुम्ही बनियनवर, खांदा आणि कान यांच्यात फोन धरून चहा उकळताय. मी पलीकडे स्पर्धेचं भाषण पाठ करतेय आणि तुमच्या आवाजाने चिडलेय. “साहेब, जाळी तुटलीय, वेल्डिंगला धाडलीय. ती येईस्तोवर प्रेस बंद ठिवा. न्हाई, डिस्पॅचचं नका सांगू मला. कुनाचा हात गेला तर डिस्पॅचमधनं परत येनार हाय का त्यो?” आई ओरडते, “आवं, चहा चालला सगळा वतू!” तुम्ही गॅस बंद करता, चष्मा लावता आणि एका बोटाने ती ओळ टाइप करता. “झालं. कळवलं.” त्याच आठवड्यात त्या माणसाच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. त्याच वर्षी तुम्ही.

दप्तर सांभाळणारी म्हणून मला साक्षीला बोलावलं. कोर्टात मेल वाचून झाल्यावर त्याच्या वकिलाने विचारलं, “प्रेसचं काय बघायचं होतं?” मी ऐकलं होतं ते सांगायला लागले. टाइप करणारी बाई म्हणाली, “मॅडम, जरा मोठ्यानं. ऐकू येत नाही.” आबा, मला! संत तुकाराम नगरच्या हॉलमध्ये मी पहिलं बक्षीस घेतलं, तेव्हा स्कूटर सुरू करता करता तुम्ही म्हणाला होतात, “माईक व्हता ना पोरी? मंग येवढी वरडत कशापायी व्हतीस?” ढाल मांडीवर घेऊन मी घरापर्यंत तुमच्याशी बोलले नव्हते.

मग कंपनीचे वकील उठले. त्यांच्या हातात माझ्याच प्रशिक्षणाचा कागद. “लिहिलेलं नाही, ते घडलेलं नाही. वाक्य तुमचंच?”

“हो.”

“मग हा फोन घडला नाही, असंच ना?”

“घडला.”

“आपण मयताच्या कन्या?”

“हो.”

ते बसले. एरवी त्या एका प्रश्नावर मी तासभर बोलले असते. साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरले.

बाहेर टपरीवर तो ऑपरेटर भेटला. चहाचा ग्लास डाव्या हातात. “ताई, तुमच्या वडलांनी प्रेस बंद ठेवायला सांगितलं होतं, हे मला आज कळलं बघा. मी इतकी वर्षं त्यांनाच शिव्या देत होतो. म्हणायचो, मेंटेनन्सवाला झोपला होता.” मग टपरीवाल्याला खूण करून, “चहा घ्या की. माझ्याकडून.” मी घेतला. गरम होता, एवढं कळलं.

निकाल अजून लागायचा आहे. त्याला काय मिळेल, सांगता येत नाही. वकील म्हणतात, तोंडी पुराव्याला वजन कमी.

हे मी ऑफिसच्या मेलमध्येच लिहितेय. पत्त्याच्या जागी तुमच्या नावाची दोन अक्षरं टाकली, तर मशीनने उरलेलं आपणहून पुरं केलं. आमच्या दप्तरात फक्त गेलेली आणि आलेली मेल जपली जाते. न पाठवलेली कुणी जपत नाही. पाठवली तर ‘असा पत्ता नाही’ म्हणून परत येईल, आणि ते उत्तर मला मुदतभर सांभाळावं लागेल. म्हणून इथेच राहू देते.

एक सांगायचं राहिलं. काल चाकणला नव्या पोरांचं प्रशिक्षण होतं. मी तेच वाक्य म्हटलं. मध्येच तुमचा फोन आठवला, पण तोंड थांबलं नाही. टाळ्या पडल्या. माईक होता आबा, तरी मी ओरडत होते.