म्हातारबांचा उपास

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी धडधाकट आहे नि नोकरीही अजून टिकलीय, आश्चर्यच! इथे प्रयोगशाळेत टाक्या धुतो, जनावरांना मासे घालतो. त्यात बेडकाच्या गोतातलं एक धूड आहे. माणसाएवढं लांब, चपट्या डोक्याचं, सुरकुतलेलं. मी त्याला म्हातारबा म्हणतो. हे महिनोन्महिने न खाता कसं जगतं, ते इथल्या संशोधक मॅडमना शोधायचंय. म्हणून त्याला उपाशी ठेवलंय. पुढे यकृताचा तुकडा काढून त्यातली प्रथिनं तपासणार. पण मला बघवेना गं. रोज गुपचूप एक मासा सोडतो. एका माशाने काय बिघडतं?

सगळ्यांवर लोभ आहेच, तुझाही राहू दे.
तुझा धाकटा

१४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग ते पुन्हा वाचलं. तुझे दाजी म्हणतात, आता त्या धुडाचं लग्नही हाच लावून देईल. पण आठव, आईच्या ऑपरेशनच्या सकाळी तिला चोरून चहा पाजणारा तूच. भूल देता येईना, तारीख पुढे गेली, नि ती बिचारी आठवडाभर कळवळली. तुझी माया अशी, दुसऱ्याच्या अंगावर निघते. मॅडमना आजच सांग. नोकरी गेली तर घर आहे.

जेवत जा. माया आहे म्हणूनच बोलते.
ताई

९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घालून मॅडमच्या दारापर्यंत गेलो होतो. नोकरीच्या भीतीने परतलो. तुकडा काढला, पण उपाशी जनावराची खूणच त्यात मिळेना. मॅडम स्वतःलाच दोष देत बसल्या. म्हणाल्या, पुन्हा काढावा लागेल. तेव्हाही मी टाक्या धुवायला निघून गेलो. दुसऱ्या खेपेला म्हातारबा भुलीतून उठलाच नाही.

मग सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाल्या, की आदल्या दिवशी बोलला असतास तर मी हात लावला नसता.

नोकरी राहिली. नवं जनावर आणलंय, तरणं आहे. त्याच्या उपासाची राखण मॅडमनी माझ्याकडेच दिलीय. मी दिसलो की ते काचेला तोंड लावतं, उघडतं, मिटतं. मी हात पाठीमागे धरून उभा राहतो. तिथून हलत मात्र नाही.

लोभ उणा झाला असेल तरी पत्र थांबवू नकोस.
तुझा धाकटा